रविवारी काढू म्हटलेले पेरू: परसातली फळं पाखरं, खारी, वटवाघळं आणि माकडांपासून कशी राखायची

“रविवारी निवांत काढू,” असं मी गुरुवारी म्हणाले आणि शनिवारी रात्री झाड साफ झालं. अठ्ठावीस पेरू मोजून ठेवले होते. सकाळी पाहते तर झाडाखाली अर्धवट चावलेले पाच, जिन्याच्या भिंतीवर पिवळट शिंतोडे आणि शेजारच्यांच्या गाडीच्या टपावर चघळून टाकलेला चोथा. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, तेवढ्यात बाहेर आल्या. त्या एवढंच म्हणाल्या, “वटवाघळाला रविवार नसतो गं.”

आमचं घर साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला. अंगण काही मोठं नाही. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी लावलेला एक चिकू, दोन पेरू, एक डाळिंब, कुंपणाला सीताफळ, दोन-तीन पपया आणि गच्चीवर ड्रममध्ये अंजीर. एवढ्याशा बागेवर डोळा ठेवणारे मात्र डझनभर. त्या शनिवारनंतर मी जाळ्या आणल्या, जुन्या सीडीच्या चकत्या टांगल्या, घुबडाचा पुतळा बसवला, नको तिथे पैसे घातले. त्यातून जे टिकलं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या झाडाला यंदा पहिल्यांदाच फळ धरलंय, त्यांनी एवढं केलं तरी पहिला हंगाम पदरात पडेल.

सुरुवातीलाच एक सांगते. बहुतेक फळं जातात ती आपण उशिरा जागे होतो म्हणून. पेरू लिंबाएवढा असताना पिशवी घालायची असते, आपण तो पिवळा झाल्यावर पिशवी शोधायला लागतो. चिकू झाडावरून काढून घरात पिकवायचा असतो, आपण तो झाडावर मऊ व्हायची वाट बघतो. म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून खालच्या पायऱ्या फळाच्या वयाप्रमाणे लावल्या आहेत.

पायरी पहिली: आधी चोर ओळखा, मग दुकानात जा

पक्ष्यांच्या जाळीनं खार थांबत नाही आणि खारीसाठी केलेल्या पिंजऱ्याला माकड हसतं. त्यामुळे एक आठवडा काहीही विकत न आणता नुसतं बघा. सकाळी उठल्याबरोबर, झाडलोट करायच्या आधी, झाडाखाली जा. झाडून टाकलं की पुरावा गेला.

रात्रीत फळ अख्खं गायब, खाली चोथ्याचे चपटे गोळे, भिंतीवर पातळ विष्ठेचे फटकारे: हे वटवाघूळ. ते फळातला रस शोषून घेतं आणि तंतू थुंकून टाकतं. आपल्याकडची लहान जातीची वटवाघळं फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात. म्हणून पेरू तुमचा आणि बियांचा सडा शेजारच्या अशोकाखाली, असा प्रकार होतो. शेजारणीशी त्यावरून वाद घालू नका, मी घातलेला आहे.

दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी आणि उन्हं कलल्यावर नुकसान होत असेल, फळाला गोल भोक आणि भोकाच्या कडेला सुईनं ओरखडल्यासारख्या बारीक रेघा असतील, तर ती खार. डाळिंब बाहेरून धडधाकट दिसतं, हातात घेतलं की पोकळ. खारीला कच्चं-पिकं असा विधिनिषेध नाही.

झाडाखाली कच्च्या पेरूचे तुकडेच तुकडे पडलेत, एकही फळ पुरतं खाल्लेलं नाही: पोपट. त्याला बहुतेकदा बियांत रस असतो, गर तो उडवून देतो. नासाडी करण्यात त्याचा हात माकडानंतर कुणी धरणार नाही. बुलबुल, साळुंकी, कोकीळ आणि तांबट मात्र पिकलेल्या, मऊ फळालाच चोच लावतात. पपईला खड्डा पडलाय आणि आतला गर चमच्यानं खरवडल्यासारखा दिसतोय, तर ही मंडळी. ह्यांचा बंदोबस्त सगळ्यात सोपा.

रात्रीचंच काम, पण फळ झाडावरच आहे आणि दातांच्या रेघा जाड, जोडीजोडीनं: उंदीर किंवा घूस. लेंड्या शोधा, कुंपणाच्या भिंतीवर किंवा केबलच्या वायरजवळ सापडतील. गच्चीवर किंवा कुंपणावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर येऊन गेलं. ते लाजरं जनावर आहे, घाबरायचं कारण नाही. आमच्या गल्लीत लोक त्याला रानमांजर समजून दगड घेऊन धावले होते, ते बिचारं पपई खाऊन चाललं होतं.

आणि फांदीच मोडून पडलीय, एकेक चावा घेऊन दहा फळं फेकलीत, कुंडी उलटलीय, तर ओळख पटवायची गरजच नाही. त्यांच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

पायरी दुसरी: झाड हाताशी ठेवा

फळ जितकं उंच तितकं ते दुसऱ्याचं. पेरू नियमित छाटत राहिलात तर सात-आठ फुटांवर ठेवता येतो, आणि नव्या फुटीवरच फळ येत असल्यामुळे छाटणीनं फळ कमी होत नाही. सीताफळ आणि डाळिंबही ऐकतात. चिकू नाही ऐकत, त्याला फार तोडू नका, फक्त भिंतीकडे आणि गच्चीकडे आलेल्या फांद्या काढा.

हे फांद्यांचं काम उंदीर-खारीसाठी महत्त्वाचं. फांदी आणि भिंत, फांदी आणि वायर, एका झाडाची फांदी आणि दुसऱ्याची, ह्यांत निदान सहा फूट अंतर पडलं पाहिजे. तसं पडलं तर मग खोडाला पत्रा लावण्यात अर्थ आहे: नारळाला लावतात तसा सव्वा-दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, खोडाभोवती गुंडाळून तारेनं बांधायचा. खिळे ठोकू नका. दरवर्षी तार सैल करा, नाहीतर ती खोडात रुतते. पेरू-डाळिंबासारख्या बुंध्यापासून फुटणाऱ्या झाडाला मात्र हा पत्रा निरुपयोगी. पपईला चांगला चालतो.

पायरी तिसरी: लिंबाएवढं फळ झालं की पिशवी

फुलोऱ्यात काही करू नका. त्या वेळी मधमाशा येऊ द्यायच्या असतात, जाळीबिळी टाकलीत तर फळच धरणार नाही. फळ गोटीएवढं असताना पुष्कळ गळतं, ते गळून जाऊ द्या. उरलेलं लिंबाएवढं झालं की तीच पिशवीची वेळ. पावसाच्या तोंडावर फुललेल्या पेरूला साधारण गणपतीच्या आगेमागे ही वेळ येते, आणि आपण सगळे त्याच वेळी मखरात गुंतलेलो असतो. मी आता गौरी विसर्जनानंतरचा पहिला कोरडा दिवस धरते.

पेरूची पिशवी अशी घालते.

फळवाल्याकडे सफरचंद-नासपतीला येते ती फोमची पांढरी जाळी मागून आणायची. तो फुकट देतो, नाहीतरी फेकतच असतो. आधी फळावर ती जाळी चढवायची. तिच्यामुळे बाहेरची पिशवी फळाला चिकटत नाही आणि बुलबुलाची चोच सालीपर्यंत पोहोचत नाही. त्यावर पिशवी. पावसाळा संपल्यावर वर्तमानपत्राची चालते: अर्ध्या पानाची घडी घालून वीतभर लांब, तीन कडांपैकी दोन स्टेपलरनं बंद. खळीनं चिकटवू नका, पहिल्या सरीत उघडते. साताऱ्याच्या पावसात कागद टिकतच नाही, म्हणून सप्टेंबरात घालायची असेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी पातळ कापडासारखी फळपिशवी घ्या, ती धुऊन दोन-तीन हंगाम जाते. सांगलीकडे पाऊस आपल्यापेक्षा कमी, तिथे माझी नणंद सरसकट कागद वापरते आणि तिचं काही अडत नाही.

पिशवी चढवायच्या आधी फळ उलटंसुलटं करून बघा. देठापाशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा, मुंग्या झटका. हे राहिलं तर पिशवीच्या आत त्यांचा संसार थाटला जातो आणि महिन्यानं उघडल्यावर काळं, चिकट काहीतरी हाताला लागतं. पिशवीत पान कोंबू नका. खाली दोन भोकं पाडा, पाणी साचू नये म्हणून.

आता गाठ. पेरूचा देठ आखूड असतो, देठालाच सुतळी बांधलीत तर वाऱ्याच्या हेलकाव्यानं फळ देठातून निखळतं. म्हणून देठामागच्या काडीला बांधायचं. सुरगाठ मारायची, निरगाठ नाही, कारण मधूनमधून उघडून बघावं लागतं आणि दर वेळी कात्री घेऊन शिडीवर चढणं जमत नाही. पहिल्या दिवशी मला तासात पंधरा पेरू झाले होते, आता चाळीस होतात.

ह्या पिशवीचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. पेरूत अळी करणारी फळमाशी सालीतून अंडी घालते. पिशवी तिच्या आधी चढली तर फळ अळीविना निघतं, फवारणी न करता. नुसत्या एवढ्यासाठीही मी पिशव्या घातल्या असत्या.

हीच पद्धत सीताफळाला आणि आंब्याला चालते. आंबा कोंबडीच्या अंड्याएवढा असताना घालायची, पिशवी थोडी मोठी, साधारण आठ इंच बाय दहा. चिकूला मात्र पिशव्या घालत बसू नका, एका झाडावर शेकडो फळं असतात, कंबर जाईल. त्याचा इलाज पाचव्या पायरीत आहे. पपईला एकेक फळ झाकण्याऐवजी जुनं मलमलचं किंवा सुती पातळ घेऊन फळांच्या घोसाभोवती घागऱ्यासारखं गुंडाळायचं, वरून आणि खालून सैल बांधायचं. लांबून झाडाला साडी नेसवल्यासारखं दिसतं. येणारा-जाणारा विचारतो, सवय होते.

खार मात्र कागद आणि कापड दोन्ही फाडते. तिच्यासाठी माझा शोध म्हणजे स्ट्रॉबेरीचा डबा. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या डब्यात येते, तो. हिवाळ्यात आपल्याकडे घरोघरी दहा-बारा साठतात. डबा उघडला की त्याच्या दोन वाट्या होतात. दोन्ही वाट्यांच्या एका कडेला गरम खिळ्यानं अर्ध्या इंचाची खाच पाडायची, देठ त्या खाचेत बसवून डाळिंबावर डबा मिटायचा आणि बारीक तारेनं दोन ठिकाणी आवळायचा. डबा बेतानंच मोठा असल्यामुळे डाळिंब मध्यम झाल्यावर तो काढावा लागतो, पण अंजिराला शेवटपर्यंत पुरतो. एक धोका आहे: मार्च-एप्रिलच्या उन्हात डब्याच्या आत फळ भाजतं. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या फळांना डबा घालायचा असेल तर वरच्या वाटीवर कागदाचा तुकडा चिकटवा.

एखादी खार डबाही कुरतडते. तिच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची भोकांची तारेची जाळी आणा, फूटभर तुकड्याची नळी वळा, दोन्ही तोंडं दुमडा. मोठ्या डाळिंबाला हेच. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती मोठ्या भोकांची जाळी घेऊ नका, खार तिच्यातून ये-जा करते.

पायरी चौथी: जाळी घालायचीच असेल तर

पूर्ण झाडावर जाळी हा नवशिक्याचा पहिला विचार असतो आणि माझ्या मते शेवटचा असावा. पाऊस आणि वारा तिला खाली ओढतात, नवी फूट जाळीतून बाहेर येते, मग ती काढताना फांद्या मोडतात. एखादं बुटकं झाड पोपटांनी धरलं असेल तरच जाळीच्या भानगडीत पडा.

तिकडे तासगावच्या बाजूला द्राक्षबागांवर जाळ्या सर्रास टाकतात. आमच्या ह्यांच्या मित्रानं तिकडून वापरलेली एक दिली. मोठ्या भोकांची, बारीक नायलॉनची. मी ती पेरूवर टाकली आणि कडा जमिनीवर तशाच लोळू दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यात धामण अडकली. पुढे सरकताना जाळी तिच्या खवल्यांत रुतत गेली होती, मागे येता येत नव्हतं. सर्पमित्रानं तासभर बसून नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडला. धामण उंदीर खाते, म्हणजे माझ्याच बाजूची. ती जाळी त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

त्यावरून शिकलेले नियम: जाळीच्या भोकात करंगळी जात असेल तर ती जाळी नको. मच्छरदाणीचं कापड किंवा विणीची पांढरी दाट जाळी घ्या, काळी-हिरवी बारीक नायलॉनची रात्री वटवाघळाला जाणवत नाही आणि ते गुंततं. झाडावर थेट टाकू नका. चार बांबू किंवा पीव्हीसीच्या पाईपच्या कमानी उभ्या करून त्यावर ताणून बसवा, ढिली जाळीच जीव घेते. कडा जमिनीलगत विटांनी दाबा किंवा बुंध्याशी आवळून बांधा. रोज सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा. गावाला जाणार असाल तर काढून ठेवा. फळ संपलं की लगेच उतरवा.

पायरी पाचवी: झाडावर पिकू देऊ नका

एवढीच एक पायरी केलीत तरी चालेल, कारण हिला पैसे लागत नाहीत.

काही फळं तोडल्यावर घरात पिकतात: आंबा, चिकू, सीताफळ, पपई, केळी आणि पेरूसुद्धा. काही तोडली की जशी आहेत तशीच राहतात: डाळिंब, द्राक्ष, लिंबूवर्गीय फळं, जांभूळ. दुसऱ्या गटाला झाकणं भाग आहे. पहिल्या गटाची फळं जून झाली की लगेच घरात आणायची. जून म्हणजे पूर्ण वाढलेलं, पण कडक. ह्या अवस्थेत वास सुटलेला नसतो, आणि वटवाघूळ मुख्यतः वासावर येतं. वास सुटायच्या आदल्या दिवशी फळ तुमच्या हातात पाहिजे.

जून झालेलं ओळखायचं कसं, हे प्रत्येक फळाचं वेगळं.

चिकूच्या सालीवर तपकिरी भुसा असतो. फळ तयार झालं की तो हातानं चोळल्यावर सहज निघतो. मग नखानं हलकंसं खरवडा. आतून हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला, तर थांबा. पिवळसर-बदामी दिसलं आणि चीक जवळपास नाही, तर काढा. सगळे एकदम तयार होत नाहीत, आठवड्यातून दोनदा फेरी मारावी लागते. मामा दर मंगळवारी आणि शुक्रवारी काढायचे. मला वाटायचं देवासाठी वार धरलेत. ते अर्थातच वटवाघळांसाठी होते.

सीताफळाचे डोळे उघडतात, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा रुंद होऊन पांढुरक्या-पिवळट दिसायला लागतात. तेव्हाच देठासकट काढा. एक दिवस जास्त ठेवलंत तर उकलतं आणि मुंग्या येतात. पेरूचा गडद हिरवा रंग फिका पडून पोपटी व्हायला लागला की तो पुरेसा झाला. पिवळ्याची वाट बघू नका, आपल्याला तो तसाही गदरलेलाच आवडतो. पपईच्या टोकाला पिवळी रेघ दिसली की कापा. आंब्याचे खांदे देठाच्या वर उचलले जातात आणि झाडाखाली पहिला पाड, म्हणजे झाडावरच पिकलेला आंबा, पडतो, त्या दिवशी उतरवायला लागा. झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीनं काढा, देठ बोटभर ठेवा, नाहीतर चिकानं साल भाजते. डाळिंबाचा मुकुट आतल्या बाजूला वळतो आणि टिचकी मारली तर धातूवर मारल्यासारखा आवाज येतो. डाळिंब घरात पिकत नाही हे मात्र लक्षात असू द्या.

आढी लावायला, म्हणजे फळं थरांत पिकत घालायला, पेंढा असेल तर उत्तम. नसेल तर खोक्यात वर्तमानपत्र पसरून एक थर फळं, एक थर कागद. चिकू आधी धुऊन, भुसा चोळून काढून, पूर्ण कोरडे करून ठेवायचे. ते चार-पाच दिवसांत होतात, सीताफळ दोन-तीन दिवसांत, आंबा आठ-दहा दिवसांत. घाई असेल तर खोक्यात एक पिकलेलं केळं ठेवा, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं बाकीची लवकर पिकतात. कार्बाइडची पुडी मात्र नको, फळं पिकवायला ती वापरायला कायद्यानं बंदी आहे. कच्चं सीताफळ फ्रीजमध्ये ठेवू नका, काळं पडतं आणि पिकत नाही. खोकं बंद कपाटात ठेवा. ह्यात हयगय करू नका, आमच्या घरात एकदा आढीच उंदरानं फोडली होती.

माकडांचं काय

खरं सांगायचं तर माकडांपुढे पिशवी, डबा, जाळी काही चालत नाही. आपल्याकडे दोन प्रकार येतात: लाल तोंडाची, बुटकी माकडं आणि काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून किंवा यवतेश्वरच्या बाजूनं टोळी उतरली की अर्ध्या तासात काम उरकते. त्यांनी माझे स्ट्रॉबेरीचे डबे उघडले. तारेची गाठ सोडवून, मोडून नाही.

दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे वर सांगितलेली लवकर काढणी. झाडावर कमी दिसलं की टोळी कमी वेळ थांबते. दुसरी म्हणजे गल्लीनं मिळून खायला घालणं बंद करणं. कोपऱ्यावरच्या एका घरातून शनिवारी मारुतीचं म्हणून केळी मिळत होती, तोवर आमच्या कुणाच्या झाडाला शांतता नव्हती. त्या आजींना सांगणं अवघड होतं. शेवटी आत्या गेल्या, त्यांनी दोन तास चहा घेतला आणि केळी देवळात द्यायचं ठरवून आल्या. त्यानंतर माकडं बंद झाली नाहीत, पण रोजची आठवड्यावर आली. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी, हेही त्यातच धरा.

टोळी अंगणात असेल तेव्हा हातात खाण्याची वस्तू घेऊन बाहेर पडू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका, पळू नका. सावकाश आत या आणि दार लावा. मुलांना हे आधीच शिकवून ठेवा. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजच्या लसीचं विचारायचं. हळद भरून घरी बसायचं नाही. उपद्रव फारच वाढला तर वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. माकडं पकडायचं काम त्यांचंच, आपण पिंजरे लावायचे नाहीत.

ह्यावर पैसे घालवू नका

चमकत्या फिती, जुन्या सीड्या आणि प्लास्टिकचं घुबड पहिला आठवडा काम करतात. मग पाखरांना कळतं. आमच्या घुबडाच्या डोक्यावर बसून साळुंकी पेरू खात होती, त्याचा फोटो आहे. काढणीच्या आधीचे पाच-सहा दिवसच त्या टांगा आणि जागा बदलत राहा, तेवढा उपयोग होतो. बुजगावण्याचंही तेच.

तिखटाचं पाणी फवारा असं बरेच जण सुचवतात. पाखरांना तिखट लागतच नाही, पोपट मिरच्या आवडीनं खातो हे आपण बघतोच. खारीला लागतं, पण एका सरीत धुऊन जातं आणि नंतर ते फळ आपल्यालाच खायचं असतं.

उंदरांसाठी चिकट पुठ्ठे झाडावर ठेवू नका, त्यांना चिमण्या आणि सरडे चिकटतात. विषाच्या गोळ्यांनी मेलेला उंदीर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड खातं आणि तेही मरतं, म्हणजे रात्रीचा फुकटचा पहारेकरी गेला. घरात सापळा लावा, बाहेर नको.

छर्ऱ्याची बंदूक, फास, कुंपणात वीज ह्यांचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि कावळे पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. पोपट आणि वानर तर संरक्षितच आहेत. पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हा आहे, मग तो कितीही विठू-विठू म्हणत असो.

उन्हाळ्यात पाण्याचं परळ ठेवा, पण फळझाडापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये पाखरं रसाळ फळाला चोच लावतात ती बरीचशी तहानेपोटी. मी ड्रमच्या अंजिराशेजारीच परळ ठेवलं होतं आणि पाण्याबरोबर जेवणाचीही सोय करून दिली होती.

चावलेल्या फळाचं काय करायचं

पाखरानं टोचलेलं फळ गोड असतं, एवढा भाग कापून बाकीचं खा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मीही खाल्लंय. आता खात नाही आणि मुलांनाही देत नाही. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं घेतले होते. त्यांत निपाह विषाणूचा, म्हणजे वटवाघळांच्या उष्ट्या फळांतून माणसाला होऊ शकणाऱ्या गंभीर आजाराच्या विषाणूचा, माग लागल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून वटवाघळांच्या मागे लागायचं कारण नाही, त्यांना हुसकावणं उलट जास्त धोक्याचं. पण दातांची किंवा चोचीची खूण असलेलं फळ तोंडात घालायचं नाही, खाली पडलेलं तर नाहीच. चांगलं दिसणारं फळही वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, शक्य असेल तिथे साल काढून खायचं.

टाकलेली फळं हातमोजे घालून किंवा फावड्यानं उचला आणि त्याच दिवशी खतखड्ड्यात पुरा, वर निदान वीतभर माती पडली पाहिजे. उघडी ठेवलीत तर फळमाशी त्यांतच वाढते आणि रात्री घूस येऊन खड्डा उकरते. आमच्या खड्ड्यावर आता जुना पाटा ठेवलेला आहे.